कलम चौदा

पाकिटातून दोन तुकडे निघतात, एकमेकांना चिकटलेले.
सुरीचं टोक फटीत घालून पिळते,
टक्क होऊन सुटतात. ओट्यावर ठेवले
तर गारगोट्यांसारखे वाजतात.
वितळू द्यायला वेळ नाही. सकाळी सहाला
डायलिसिसची पहिली शिफ्ट,
आणि तसलं काही या घरात
फार वेळ उघडं ठेवता येत नाही.

घाटकोपर, पाचवा मजला, अकरा महिन्यांचा करार.
कलम चौदा : सदर जागेत मांसाहार
शिजवणार नाही, आणणार नाही.
खाली सही माझीच. त्या दिवशी ‘तांडेल’
मुद्दाम जरा गिचमिड काढलं.

म्हणून हे यंत्र. काळं, पोट सुटलेलं.
फोडणी नाही, चर्र नाही,
झाकण उघडताच जिना जागा व्हावा असं काही नाही.
नुसती घरघर,
मिक्सर आणि पंखा यांच्या मधली कुठलीतरी.
तरी दाराच्या फटीशी ओला टॉवेल.

एकशे ऐंशीवर आधी सात मिनिटं, नुसतेच.
हे मी चुकत चुकत शिकले :
गोठलेल्या अंगाला मसाला धरत नाही.
घसरतो, जाळीखाली पडतो, जळतो,
आणि जळका मसाला चुगली करतो.
आधी घाम फुटू द्यायचा.
मग पांढरं पाणी ओतून टाकायचं,
तेलाचं बोट फिरवायचं, आणि आईचा मसाला.
तो तीन पिशव्यांत, पिशव्या डब्यात,
डबा सॅनिटरी पॅडच्या पाकिटांमागे.
मालक तपासायला आले तरी
तिथवर हात घालायचे नाहीत.

आई ट्रॉम्ब्याला अजून पाटी घेऊन बसते.
इथे एकदाच आली. फ्रीजरमधला तुकडा हातात घेतला,
उलटा केला, नाकाशी नेला,
कल्ले शोधावेत तसा कडेने अंगठा फिरवला.
‘काय गो बाय, याला वासच नाय.’
म्हटलं, म्हणूनच आणते.
ती हसली नाही.
जाताना लिफ्टमध्ये, मी पाहत नाही असं समजून,
स्वतःचा पदर हुंगला.

उलटवून आणखी नऊ मिनिटं.
दोन उरली असताना बेल.

समोरच्या हंसाबेन. चातुर्मासात कांदासुद्धा सोडलेल्या.
हातात ताटली, ताटलीत चार थंड कचोऱ्या.
‘तुझ्या त्या मशीनमध्ये जरा गरम करून दे ने.
डॉक्टर तेलाला नाही म्हणते.’

जाळी एकच आहे.
घासली, उकळत्या पाण्यात बुडवली, तरी तीच जाळी.
दलालाशी खोटं बोलले, मालकाशी बोलले,
स्टॅम्पपेपरवर तर लेखी बोलले,
एका रात्रीचीही झोप गेली नाही.
पण या कचोऱ्या
त्यांच्या तोंडात जाणार होत्या.

‘बिघडलंय, काकी.’
आणि मागून, स्वच्छ,
देव्हाऱ्यातल्या घंटीएवढं :
टिंग.

हंसाबेननी माझ्याकडे पाहिलं.
मग दाराबरोबर फरफटत आलेल्या टॉवेलकडे.
मग ताटलीवर पदर ओढला.
‘बिघडलेलं आहे, पण टायमाला पक्कं आहे,’ म्हणाल्या.
‘राहू दे. तव्यावर करते.’
त्यांचं दार लागलं.
कडी मात्र बराच वेळ वाजली नाही.

मी जाड बाजूला सुरी घातली.
वरून खरपूस, आत गुलाबी,
आणि अगदी मधोमध
बर्फाचा एक कण, अजून.
परत आत. पाच मिनिटं.
टॉवेल पायाने सारखा केला, टोकं नीट दाबली,
आणि तेवढ्यात पलीकडून
तापलेल्या तव्याचा, हिंगाचा, बडीशेपेचा वास
टॉवेल ओलांडून सरळ आत आला,
कुणालाही न विचारता.